गौताळ्याच्या चढावर

पिशोरच्या पुढं, गौताळ्याच्या जंगलात खडीचा चढ लागला आणि मी सायकल हातात धरून ढकलू लागले. तेवढ्यात काष्टा घातलेली साठीची एक बाई जुनी सायकल दामटत मला मागे टाकून गेली.

वर तलावाकाठी ती धापा टाकत बसली होती. गळ्याखाली ऑपरेशनचा लांब व्रण दिसत होता. मी घाबरून विचारलं, "मावशी, एवढा चढ चालतो तुम्हाला?"

"डॉक्टर म्हनले, जिवाला जपा," ती तलावाकडं बघत म्हणाली. "कशासाठी जपायचं, ते नाय सांगितलं. ते मी हितं येऊन बघते, पोरी."

पाण्यावरून बगळ्यांचा थवा उठला. ती लहान मुलीसारखी उठून उभी राहिली. मी मात्र तिच्याकडंच बघत राहिले.