बरणीतला खंडोबाचा किडा

जो सदैव हात जोडून असतो त्याला मरणाचे भय नसते, असे म्हणतात. खरे असेल. भय त्याला पाळणाऱ्याला असते.

जळगावात कीटकनाशकांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. पुढचे पाय जोडून बसणारा हिरवा खंडोबाचा किडा त्यांनी काउंटरवर बरणीत पाळला होता. बरणीला हात लावण्याआधी ते साबणाने तीनदा हात धुवत. मी चहाला गेलो की दर दहा मिनिटांनी विचारत, "हलतोय ना?"

शेतकरी कीड दाखवायला कपाशीची पाने आणत. त्यांवरची अळी हेच किड्याचे जेवण. चिमट्याने ती उचलण्याआधी प्रश्न ठरलेला असे: "फवारा मारलाय का?"

एके दिवशी माझ्यासमोरच पारोळ्याचे एक आबा म्हणाले, "नही भाऊ, काहीच मारेल नही."

तासाभरात किडा काडीवरून पडला. पाय थरथरत होते, तोंडाशी काळा थेंब होता. गृहस्थ बरणीकडे बघेनात, माझ्याकडेच बघत राहिले. "हलतोय ना?"

मी हो म्हणालो. तेव्हा तो हलायचा थांबला होता.

आबा अजून बाकावरच होते. "मारेल शे भाऊ," ते हळूच म्हणाले. "पण दुसरा दुकानमाईन लयेल व्हतं, तुमना दुकानना नही. तुमले कसं सांगू?"

"कोणतं औषध?" गृहस्थांनी एवढेच विचारले.

पुढच्या आठवड्यात बरणीच्या जागी त्याच औषधाचे खोके होते.