सोनाळ्याची लाल ओळ

मोबाईलवर पानं चटकन उघडावीत म्हणून मी त्यातलं एक बटण बंद केलं, आणि माझ्या सासुरवाडीची कपाशी अळीच्या तोंडी जाता जाता राहिली. या दोन गोष्टींचा संबंध लावायचा तर आधी आमच्या साडूंबद्दल सांगावं लागेल. वेळेआधी कशालाही रंग लावायचा नाही, अशी शपथ घेतलेला असा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. जळगाव जामोदला त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकानावर पाटी आहे, पण कोरी. अर्ज भरायचे दिवस आले की ते तिच्यावर 'अर्ज' असा पत्रा अडकवतात, निकालाच्या दिवशी 'निकाल'. एरवी पाटी विधवेच्या कपाळासारखी मोकळी, असं आमच्या सासूबाई म्हणत आणि लगेच जीभ चावत. जेवायला बसले की वरणात मीठ नको, भाजीत तिखट नको. दोन्ही वाट्या शेजारी ठेवायच्या आणि घासागणिक हवं तेवढं वरून घ्यायचं. कुणी हटकलं तर म्हणत, "घातलेलं मीठ काहाडता येते का कोनाले? वेळेवर घालता तं येते ना."

त्यांच्या लग्नात तर गंमतच झाली. मुंडावळ्या, फेटा, शेला असं सगळं एका कापडी पिशवीत भरून हा नवरदेव साध्या सदऱ्यात मांडवाच्या दाराशी उभा. वाजंत्री वळणावर आली की मग चढवायचं, असा त्याचा बेत. तोवर सासूबाईंनी त्याला फोटोवाल्याचा माणूस समजून खुर्च्या मांडायला लावलं, आणि यानं पन्नासेक खुर्च्या मांडल्याही. मी थोरला जावई. लाल फेटा बांधून सकाळी सातपासून घाम पुसत बसलो होतो. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडतो आणि थोडा खुपतोही.

तर या माणसानं कपाशीवाल्यांसाठी एक वेब पान तयार केलं. आदल्या साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागाचं जे केलं ते वेगळं सांगायला नको. बीटीचं बियाणं आलं तेव्हा आता अळीचं नाव राहणार नाही असं सगळेच म्हणत होते. पुढं अळीनं ते बियाणंही पचवलं. सोनाळ्याला, माझ्या सासुरवाडीला, मेहुण्यानं तर उभ्या पिकात नांगर घातला. यंदाही अशीच गत झाली तर घराला कुलूप लावून सुरतेला कामाला जातो, असं तो शांतपणे म्हणाला होता. तो शांतपणाच सासूबाईंना झोपू देत नव्हता. साडूंची युक्ती अशी: गावोगावच्या पाच-पाच शेतांत नर पतंग पकडायचे सापळे टांगायचे आणि रोज सकाळी सापडलेले पतंग मोजून आकडा दुकानात कळवायचा. एकट्या सापळ्यावरून काही ठरत नाही. पाचांचं मिळून तीन दिवस हद्दीच्या वर गेलं की गावानं फवारायचं. पानावर गावांच्या नुसत्या पांढऱ्या ओळी. रंग त्यात कुठंच लिहिलेला नाही. पान उघडलं की पोटातली एक छोटी स्क्रिप्ट जागी होणार, आकडे वाचणार आणि हद्द ओलांडलेल्या गावाची ओळ लाल करणार. मला समजावताना ते म्हणाले होते, "मास्तर, लग्नात दाराशी गंधाची वाटी घेऊन मानूस उभा राह्यते ना, तसा आहे हा. पाव्हना पाहाचा आन् मंग गंध लावाचं. घरूनच गंध लावून या, असं कोनी म्हनते का?"

सोनाळ्यात तेव्हा मोबाईलला रेंज म्हणजे मारुतीच्या पारावर उभं राहून हात वर केला तर. फोन लागे, पण पान उघडत नसे. म्हणून ते रोज पाहून मेहुण्याला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या एका शब्दावर पंधरा-वीस घरं फवारणी ठरवत. इतिहासाच्या मास्तराला आयुष्यात एवढा मान प्रथमच मिळत होता. शाळेत मला कॉम्प्युटरमधलं कळतं असाही समज आहे, कारण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा उपसून काढला होता. त्याच तोऱ्यात एका रविवारी मी मोबाईलच्या सेटिंगमध्ये शिरलो. 'स्क्रिप्ट' असं काहीतरी दिसलं, ते बंद केलं, आणि पानं भराभर उघडू लागली. सोनाळ्याची ओळ पांढरीशुभ्र. मी मेहुण्याला कळवलं, निवांत राहा. त्यानं बोलावलेला फवारणीवाला दुसऱ्याच्या शेतात पाठवून दिला. सोमवारी पांढरी, मंगळवारी पांढरी. मंगळवारी बायको म्हणाली की वहिनीच्या सापळ्यात बारा पतंग आलेत, तिचा फोन होता. मी चष्मा वर सारून तिला समजावलं की एका सापळ्यावरून ठरत नसतं, याला शास्त्र असतं. 

बुधवारी शाळेत जाताना साडूंच्या दुकानाशी थांबलो. त्यांनी सहज विचारलं, सोनाळ्याची फवारणी आटोपली का. मी म्हटलं, "काऊन? पांढरंच तं आहे." त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग माझा मोबाईल घेऊन त्यांच्या पडद्याशेजारी धरला. इकडे सोनाळा लालभडक, तिकडे माझ्या हातात तोच सोनाळा धुतल्या धोतरासारखा. त्यांच्या पडद्यावर तो रविवारपासून लाल होता. मी कळवलंच असेल म्हणून ते निर्धास्त होते. अळी एकदा बोंडात शिरली की वरून काही शिंपडा, तिच्यापर्यंत पोचत नाही, हे मलाही ठाऊक होतं.  साडू रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमी माह्या गंधवाल्याले घरी पाठवून देल्लं."

मेहुण्याचा फोन लागेना. साडूंनी दुकानाचं शटर ओढलं, स्कूटर थेट आमच्या दारी आणली आणि बायकोला म्हणाले, ताई, घरात लाल काय आहे? तिनं एक प्रश्न न विचारता पेटी उघडली आणि माहेरची लाल साडी त्यांच्या हातात दिली. मी मागच्या सीटवर.  सोनाळ्यापर्यंत मी नुसता दोन्ही बाजूंची कपाशी बघत होतो आणि प्रत्येक झाड मला आजारी दिसत होतं. शिवार लागलं तसं साडू शेतामागून शेत थांबू लागले. साडीची पट्टी टर्रकन फाडायची आणि जिथला सापळा भरला होता तिथल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, खांबाला बांधायची. लोक वाटेवर येऊन विचारू लागले, आणि साडू प्रत्येकाला 'अळी आली. आजच फवारा.' ही तीच दोन वाक्यं सांगत पुढं सरकू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाई करताना पाहिलं.

मेहुणा शेतातच होता. साडूंनी पाकळ्या मिटून भोवऱ्यासारखी झालेली एक डोमकळी तोडून त्याच्यासमोर उलगडली. आत अळी. मेहुण्यानं एक हिरवं बोंड फोडलं, स्वच्छ. दुसरं फोडलं, स्वच्छ. मग नाल्याकडच्या ओळीत जाऊन तिसरं फोडलं आणि तसंच मुठीत धरून उभा राहिला. मी पुढं होऊन सांगितलं की चूक माझी आहे, बटण मी बंद केलं. त्यानं बोंड खाली टाकलं, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "चहा घेऊन जा, भाऊजी." त्यानं चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर त्या मी घरी नेऊन जपून ठेवल्या असत्या. तो चहा मात्र अजून घशाखाली उतरायचा आहे. दुपारपर्यंत गावातले सगळे पंप शिवारात होते. नाल्याकडची कपाशी गेली, वरच्या अंगाची वाचली. मेहुणा सुरतेला गेला नाही. 

दुसऱ्या दिवशी साडूंनी, कुणी न सांगता, पान बदललं. आता सगळी गावं मुळातच लाल. स्क्रिप्ट आली, आकडे तपासले आणि खात्री पटली, तरच ती एकेक ओळ पांढरी करणार. गंधवाला आलाच नाही तर माणसानं घाबरून चौकशी केली पाहिजे, निवांत बसता कामा नये. मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमी आधीच रंग लावला." ते खाली बघत म्हणाले, "एवढा एकच." त्यांच्या हातचा वेळेआधी लावलेला रंग मी तेवढाच पाहिला. आता सोनाळ्यात घरोघरी रेंज आहे आणि ते पान फारसं कुणी उघडत नाही. मी उघडतो कधीमधी. क्षणभर सगळा तालुका लाल होतो, मग एकेक गाव हळूहळू पांढरं होत जातं. सोनाळ्याची पाळी येईस्तोवर मी श्वास घेत नाही.

त्या दिवाळीत आम्ही सोनाळ्याला गेलो. धुऱ्यावरच्या पट्ट्या तशाच होत्या, उन्हानं विटून पार पांढऱ्या पडलेल्या. वरच्या शेतात वेचणी चालली होती. बायकोनं एका खांबाची पट्टी सोडली, घडी करून पदराला बांधली. साडीबद्दल काहीतरी बोलावं म्हणून मी घसा खाकरला, तर ती म्हणाली, "साडीचं राहू द्या. बारा पतंग आले म्हणून मी सांगत होती, तवा तुमचं कोनतं बटण बंद होतं?"