टीव्हीवरची भिकाची खूण

आम्ही दोघं सुरतेला निघालो तेव्हा अमळनेरच्या फलाटावर काकी रडली नाही, उलट आमच्यावरच डाफरत होती. भिका माझा चुलतभाऊ, तिचा एकुलता एक. गाडी हलली तरी तिने खिडकीतून त्याचं मनगट धरून ठेवलेलं. "एकमेकास्ले सांभाळज्यात," एवढंच म्हणाली. गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही शहरात मजा मारली. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना काही सांगायची गरज नाही.

सुरतेत उधन्याला एका खात्यात लागलो. खातं म्हणजे लूमची शेड. आत असला खडखडाट, की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. म्हणून सगळं बोलणं हातांनी. टाळूवर थाप म्हणजे शेठ आला. दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांभोवती फिरवली, की बदली पाठव, माझ्याने आता उभं राहवत नाही. ती खूण दिसली की रिकामा असेल तो उठायचा. जेवत असला तरी उठायचा. शिव्या घालत उठायचा, पण उठायचाच! भिका ती खूण क्वचितच करायचा, त्याला लाज वाटायची.

मग नव्वदीच्या मधल्या वर्षांत एका एजंटाने त्याला परदेशातल्या कापड मिलीत नेलं. त्या देशाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथे लष्कराचं राज्य, आणि शेजारच्या देशात तसलाच एक तहहयात अध्यक्ष. सुरुवातीला आमच्या गल्लीतल्या एसटीडी बूथवर त्याचे फोन यायचे. शेवटच्या फोनवर आवाज घाबराघुबरा. पासपोर्ट मालकाकडे, पगार मागितला की पोलीस येतात, आणि दोघं जण सरहद्द ओलांडून पळाले तर शेजाऱ्यांनी धरून परत दिले. "इकडं जा नाहीतर तिकडं जा, सारखंच आहे रे," म्हणाला. त्यानंतर फोन बंद झाला.

मी बातम्यांच्या मागे लागलो. रेडिओ कानाला, पेपर आला की आधी परदेशाचं पान. त्यात काय, तर ते दोघे राज्यकर्ते भेटले, गळ्यात गळे घातले, मैत्रीचा करार केला, एकमेकांचे पळालेले गुन्हेगार परत देणार. गुन्हेगार! पगार मागणारा आमचा भिका गुन्हेगार होय? हे कुठल्याच पेपरात कोणी विचारलं नाही. आपल्याकडे दोन राज्यांचं नदीच्या पाण्यावरून जमत नाही, आणि या दोघांचं बघा कसं गोडीगुलाबीने चाललेलं. एवढं छापून झालं की खाली लगेच क्रिकेट.

एका सुट्टीच्या दिवशी चहावाल्या रमणभाईच्या टपरीवर केबलला विलायती बातम्या लागल्या होत्या. पडद्यावर तेच दोघे, एक मिल बघत चाललेले, आणि कामगार रांगेत टाळ्या वाजवत उभे. "अरे, आ तो आपणो भीको छे!" रमणभाई ओरडला. भिकाच होता, निम्मा राहिलेला. सगळ्यांचे हात टाळ्या पिटत होते आणि त्याची दोन बोटं छातीजवळ एकमेकांभोवती फिरत होती. बदली पाठव. बाकावर बसलेले आम्ही सगळे कारीगर एकदम उठून उभे राहिलो. सवयच ती. उठलो खरे, पण जायचं कुठे?

इंग्रजी कळणाऱ्या एका गिऱ्हाइकाला विचारलं, काय सांगताहेत? तो म्हणाला, कामगारांनी पाहुण्यांचं आनंदाने स्वागत केलं.

तसाच एका पेपरच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबाने सगळं ऐकून घेतलं. तिकडे आमचा माणूस नाही, म्हणाला, बाहेरून येतं ते छापतो, आणि कॅमेरेवाल्यांनाही त्या मिलीत तिथलं सरकार नेईल तेव्हाच जाता येतं. "बोटं फिरवली, याची काय बातमी करू भाऊ?" म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, आजही जाते. दिल्लीला अर्ज केले, तर चौकशी चालू आहे म्हणाले, ती चालूच राहिली.

काकीला सांगणं भाग होतं. गावी गेलो. तिने जन्मात लूम पाहिली नव्हती. मी बोटं फिरवून दाखवली, खुणेचा अर्थ सांगितला. ती चुलीपुढून उठली, पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली.

"चाल, कथा जानं शे? त्यानी बदली मी जास."

कुठे जायचं, म्हणे! मी तिला काय पत्ता सांगणार होतो, कपाळ माझं!

आता सुरतेतच गोडादऱ्याला माझं स्वतःचं घर आहे. पोरं घरातही गुजरातीच झाडतात. टीव्हीवर बातम्यांचे ढीगभर चॅनेल, आणि त्यांत कुठले ना कुठले दोघे अजून गळ्यात गळे घालतातच. भिका आला नाही. लोक विचारतात, तुमचं घर कोणतं, गावचं की सुरतेचं? मला दारात चपला घालून उभी असलेली काकी दिसते. माझ्या लेखी घर म्हणजे तेवढंच, खूण पोचली की उठणारं माणूस. काकी मागेच गेली. आता भिकाने पुन्हा कुठून खूण केली, तर उठायला मी एकटाच उरलोय.