शुक्रवारची साखर
हुबळीत भावाच्या दुकानात साखरेचं पोतं उसवलं, की तो गोड, दमट वास मला पन्नास वर्षांमागच्या लंडनच्या थंडगार खोलीत नेऊन सोडतो. नवी नवरी म्हणून तिकडं गेले होते. खाली राहणारी घरमालकीण, एक गोरी म्हातारी, दर शुक्रवारी संध्याकाळी भाडं न्यायला यायची. माहेरी आमच्या व्यापाऱ्याच्या घरात शुक्रवारी दिवेलागणीला छदामसुद्धा बाहेर जात नसे, म्हणून दोन शुक्रवार मी दिवा मालवून गप्प बसले. ती दार ठोठावून गेली. घाबरून हुबळीला अव्वाला, म्हणजे आईला, पत्र टाकलं. उत्तर आलं, ‘द्यायलाच लागत असेल तर दे की गं. फक्त तिच्या हातची चिमूटभर साखर मागून घे, लक्ष्मी परत घरात येती.’ पुढच्या शुक्रवारी सगळं भाडं देऊन मी मोडक्या इंग्रजीत साखर मागितली. म्हातारी खाली गेली आणि पिशवीभर साखर घेऊन आली. म्हणाली, ‘भाडं देऊन साखरेलाही उरत नाही, हे आधी सांगायचंस ना, पोरी!’ त्यानंतर दर शुक्रवारी ती साखर घेऊनच यायची. खरं काय ते मी तिला कधीच सांगितलं नाही. आता माझी सगळी बिलं मुलगा फोनवरून भरतो. शुक्रवारी पैसे गेलेले कळतही नाहीत, आणि साखर घेऊन जिना चढून कुणी येत नाही.