मौनीबाईंची शेवटची जाळी

आमच्या संशोधन संस्थेच्या तळघरात एक मोठं सूक्ष्मदर्शक यंत्र आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मौनीबाई म्हणतात. अर्थात त्यांच्या माघारी. मी हिशेब विभागातला माणूस. चरबी म्हटलं की मला डॉक्टरांनी दिलेली तंबी आठवते. बाईंचं आयुष्य मात्र चरबीच्या कणांत गेलं. औषध पेशीपर्यंत पोचवायला ते चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरतात. ते आत नीट बसतं, की कणाच्या कडेला फुगा येऊन त्यात साचतं, हे बाईंनी पाहायचं.

त्यासाठी कणांचा थेंब मसुरीएवढ्या तांब्याच्या जाळीवर घेऊन क्षणात गोठवतात. ती जाळी द्रव नायट्रोजनमधून उचलून यंत्रात चढवताना त्यावर कोणाचा उच्छ्वास पडला, तर हिम धरतं आणि चित्र हातचं जातं. म्हणून बाई मास्क लावूनही श्वास रोखून धरत. त्या खोलीत बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. हळूहळू बाहेरही बोलण्याची सवय मोडली. एकट्याच राहत. एकदा जेवताना म्हणाल्या, "घरी कुकरच्या शिट्टीला 'हो, आले' म्हणते मी." आम्ही हसलो. त्याही हसल्या आणि डबा लावून उठल्या.

आई गेली तेव्हा त्या यंत्रापाशीच होत्या. हातात जाळी होती, म्हणून फोन उचलला नाही. तेव्हापासून धाकट्या भावाने बोलणं टाकलं.

गेल्या महिन्यात तो भाऊ अचानक संस्थेच्या दारात उभा. बाहेरच्या माणसाला एकटं सोडत नाहीत, म्हणून मी सोबत निघालो. जिन्यात तो म्हणाला, "बोलेल ना हो माझ्याशी?"

"त्या कोणाशीच बोलत नाहीत. तुम्ही मनावर घेऊ नका."

त्या दिवशी बाईंकडे एका नमुन्याची शेवटची जाळी होती. तो नमुना बनवणारी मंडळी केव्हाच पांगली होती. आम्ही दार लोटलं तेव्हा जाळी चिमट्यात होती. मी ओठांवर बोट ठेवलं, पण तो बोलून गेला होता. "ताई."

बाईंनी मान वर केली. मग मोकळ्या हाताने मास्क खाली ओढला.

"आलास? किती वाळलास रे!"

जाळी त्यांनी चढवलीच. पडद्यावर हिमाचे काळे ठिपके. कण कुठे दिसेनात.

"माझ्यामुळे बिघडलं का गं?"

"छे. आधीच बिघडलेलं होतं ते."

प्रमुखांना त्यांनी सरळ सांगितलं, "माझ्या हातून गेली." प्रमुख बराच वेळ बोलत राहिले. बाई ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना आपणहून म्हणाल्या, "काल शिट्टी झाली तर हा आतून ओरडला, 'ताई, गॅस बंद कर!'"

"राहणार आहेत ना?"

"नाही. सकाळच्या गाडीने गेला."

खाली कामाला जाळी नव्हती. तरी डबा लावून त्या तळघराकडे वळल्या.