आमच्या घराला कुलूप नव्हतं

बसायच्या आधी शिपायानं खुर्च्यांवर पेपर अंथरले. एक माझ्या खुर्चीवर, एक माझ्या सासूच्या. मग म्हणाला, "आता बसा."

बोईसरचं ऑफिस. घरासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीचं. बाकीच्यांच्या खुर्च्यांवर पेपर नव्हता, मी नीट बघितलं. आमी अंघोळी करून, धुतलेली लुगडी नेसून गेलेलो. माशांची पाटी घरी ठेवून. तरी साहेबानं खणातून वासाचा फवारा काढला आणि आमच्या डोक्यावरून दोनदा मारला. आयच्या डोळ्यात गेला. सासूला मी आयच म्हणते. ती पदरानं डोळे पुसायला लागली. साहेबाला वाटलं, रडते.

"मावशी, रडून काही होणार नाही. चावी आणली का?"

आयनं कमरेची पिशवी सोडली. आतून कुलूप काढलं. नवंकोरं, खोक्यासकट. दोन चाव्या एका तारेत अडकवलेल्या. टेबलावर दोन्ही हातांनी ठेवलं.

साहेब बघतच राहिला. "हे काय?"

"तू चावी मागितलीस ना बाबा," आय म्हणाली. "आमच्या घराला कुलूपच नाय. म्हणून काल विकत आणलं."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसला. "कुलूप नाही त्याला घर म्हणत नाहीत, मावशी. गोदाम म्हणतात!" सगळं ऑफिस हसलं. शिपाईपण. आणि सगळे हसतात म्हणून आयपण हसली. तिला वाटलं, आपण कायतरी गमतीचं बोललो.

आमच्या मुरबे गावातल्या आळीत कुलूप कोण लावतं? बोंबील बाहेर वाळत असतात. पावसाचा थेंब पडला की जिच्या हाताला जे लागेल ते उचलायचं आणि जे दार जवळ असेल त्यात शिरायचं. बोंबील कोणाचे, घर कोणाचं, ते मागाहून बघायचं. दार बंद असलं तर माल भिजतो. एवढी साधी गोष्ट. पण ती त्या गारेगार ऑफिसात कोणाला सांगणार?

वादळात पत्रे उडाले, म्हणून स्लॅब घालायला कर्ज काढलं. घर आयच्या नावावर, म्हणून कागदांवर आयचा अंगठा. दोन वर्षं हप्ते वेळेवर भरले. मग बोटीवर माझ्या नवऱ्याचा हात दोरीत सापडला आणि तो घरी बसला. त्यात पावसाळा आला, सगळ्याच बोटी किनाऱ्याला लागल्या. वसुलीवाला आला तेव्हा मी सांगितलं, "दादा, नारळी पुनवेनंतर भरू." त्यानं मान हलवली. आमच्या बंदरावर व्यापाऱ्यानं मान हलवली की बोलणं पक्कं. आमी निर्धास्त झोपलो. आमाला काय माहीत, मेल्याची मान नुसती हलते!

पोस्टानं कागद आले, सगळे इंग्रजीत. आयनं देवाच्या फोटोमागे ठेवले. मग एक दिवस हाच साहेब दारात. नाकाला रुमाल. दाराला नोटीस चिकटवली, तिच्याबरोबर आयला उभी करून फोटो काढला. "घर आता कंपनीच्या ताब्यात. तीन दिवसांत चावी आणून द्या, नाहीतर पोलीस आणून भांडी बाहेर फेकीन." आय हो म्हणाली. आणि जिनं जन्मात दिलेला शब्द मोडला नाय, तिनं पालघरच्या बाजारात जाऊन कुलूप आणलं. घर घालवायला स्वतःच्या पदरच्या पैशानं!

हसणं थांबलं तसा साहेबानं एक कागद पुढे सरकवला. शाईचा डबा उघडला. आयनं अंगठा शाईत बुडवलासुद्धा. मी कागद माझ्याकडे ओढला. हा मराठीत होता. वर लिहिलेलं, 'मी स्वखुशीने घराचा ताबा देत आहे.'

मी आयचं मनगट धरलं. "थांब आय. साहेब, हे स्वखुशीने काय?"

"तसं लिहायची पद्धत असते."

"पण खुशी कोणाची?"

"शिकलेल्या दिसता. किती?"

"नववी."

"मग नववीपुरतंच बोला."

माझे कान तापले. खोटं कशाला सांगू? भीतीपण होती आणि संतापपण. मी उठले. खुर्चीवरचा पेपर ओढला आणि आयचा निळा अंगठा त्याला खसाखसा पुसला. कुलूप उचललं, चाव्या उचलल्या.

"नववीपुरतंच सांगते. सही नाय. अंगठा नाय. चावी नाय."

"पस्तावाल," तो म्हणाला.

आमी तिथून सरळ पालघरच्या कोर्टात गेलो. बाई माणसाला तिथं सरकारकडून वकील फुकट मिळतो, हे मला मासे घेणाऱ्या एका बाईनं कधीतरी सांगितलेलं. वकीलबाईनं देवामागचे सगळे कागद वाचले. म्हणाली, "दाराला नोटीस चिकटवून घेतलेला ताबा नुसता कागदावरचा आहे. तुम्ही आपणहून घर दिलं नाही तर बाहेर काढायला कलेक्टरचा हुकूम लागतो. म्हणूनच त्याला तुमची खुशी हवी होती." तिनं सांगितलं, ताबा घ्यायच्या आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, लिलावाच्या आधी वेगळी. दाराला नोटीस लागल्यापासून पंचेचाळीस दिवसांत मुंबईच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात आपल्याला दाद मागता येते. यातलं एक अक्षर साहेबानं सांगितलं नव्हतं. फवारा मारायला तेवढा वेळ होता.

"घर वाचेल?" आयनं विचारलं.

"तसं मी म्हणत नाही," वकीलबाई म्हणाली. "कर्ज खरं आहे. पण फसवून नेता येणार नाही."

अर्ज केलाय. तारखा पडतात. नवरा एका हातानं जाळी विणतो, मी पाटी घेऊन फिरते, जमेल तेवढं भरते. आणि आता आमी दाराला तेच कुलूप लावतो. आमी नसताना साहेब आत शिरला तर, ही धास्ती.

पहिल्याच आठवड्यात अवेळी पाऊस आला. आमी दोघी बाजारात, नवरा दवाखान्यात. शेजारीण आमचेच बोंबील कवळ्यात घेऊन आमच्याच दारात उभी. कुलूप. माल भिजला, ती भिजली. आय आली, बघितलं आणि दारात बसून रडली. फवाऱ्यानं नाय, खरीखुरी. "आपल्या घराला कुलूप लागलं गो," एवढंच म्हणत राहिली. गोदाम म्हणाला होता ना तो? त्या दिवशी मला माझंच घर गोदामासारखं दिसलं. कायदा कळला, पण उघडं दार गेलं ते गेलंच. त्याची भरपाई कुठल्या अर्जात लिहायची?

रात्रभर विचार केला. सकाळी तार सोडवली आणि एक चावी शेजारणीच्या हातात दिली. तिला दोनच गोष्टी सांगितल्या. पाऊस आला तर उघड. साहेब आला तर आधी कलेक्टरचा कागद माग, आणि आळीतल्या सगळ्या बायांना हाक मार.

तो येईल, मला माहीत हाय. हुकूम घेऊन आला तर त्या कागदाशी कोर्टात भांडीन. हरले तर हरले म्हणून बाहेर पडीन, पण खुशीनं गेले असं माझ्या नावावर कोणी लिहायचं नाय. कुलुपाबरोबर दोनच चाव्या आल्या होत्या, साहेब. एक माझ्या कमरेला हाय, एक आळीकडे. तिसरी नाय.