चाकवाल्या दीपमालाताई

चिखलीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये दीपमाला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची. दिवसभर प्लेटा, ब्रॅकेट आणि भोकं. त्यातलं काही म्हणून हलायचं नाही. म्हणूनच असेल, घरी आल्यावर तिला हलणारं काहीतरी बघावंसं वाटे.

लेकीनं, दिव्यानं, नोकरी लागल्यावर नवा लॅपटॉप घेतला आणि जुना आईला दिला. त्यात एक फुकटचा प्रोग्राम होता. चाक काढायचं, त्याला वजन द्यायचं, घर्षण द्यायचं आणि सोडून द्यायचं. पडद्यावर ते खऱ्यासारखं फिरे. त्या नादात दीपमाला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात जाऊन पोचली. वीज नाही, डिझेल नाही, एकदा धक्का दिला की कायम फिरत राहील असं चाक शोधणाऱ्यांचा तो ग्रुप. लोक चित्रं पाठवत, दीपमाला ती पडद्यावर फिरवून बघे.

“आई, असं चाक होत नाही. शाळेत शिकवतात हे,” दिव्या म्हणायची.

“माहीत आहे गं. पण ते नेमकं कुठं अडतं, ते बघण्यात मजा आहे.”

आणि ती खरंच मजेत होती. ग्रुपात तिचं नाव ‘चाकवाल्या ताई’ पडलं होतं, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

एकदा चाकणपलीकडच्या एका वाडीतून कोंडीराम आबांनी काढलेलं चाकाचं चित्र आलं. आबांनी उभा जन्म पिठाची गिरणी चालवली होती. लाइट गेली की गिरणी बंद आणि दारात बायाबापड्यांची रांग. त्या रांगेनं त्यांच्या डोक्यात हे चाक घातलं. कॅलेंडरच्या पाठीवर जाड पेन्सिलीनं काढलेलं. आत वाकडे कप्पे, कप्प्यांत लोखंडी गोळे. उतरत्या बाजूला गोळे बाहेर घरंगळणार, चढत्या बाजूला आत येणार, म्हणजे उतरती बाजू कायम जड.

दीपमालानं ते जसंच्या तसं काढलं आणि सोडलं. चाक फिरलं. थांबेना. उलट त्याचा वेग वाढू लागला.

“अहो, इकडे या!”

तिचा नवरा सयाजी नुकताच शिफ्टवरून आला होता. हातपाय धुऊन, पंच्याला हात पुसत तो मागे येऊन उभा राहिला.

“बंद पडेल आता,” तो म्हणाला.

चहा गार झाला, त्यावर साय धरली, तरी चाक बंद पडलं नाही. “दीपा, हे खरं निघालं तर आपली तर चैनच!” सयाजी म्हणाला, आणि दोघं लहान पोरांसारखी हसली.

तिनं त्याचा व्हिडिओ ग्रुपात टाकला. ग्रुपातल्या कुणीतरी आबांना कळवलं, आणि थोड्याच वेळात त्यांचा फोन. “ताई, फिरतंय व्हय?”

“पडद्यावर तरी फिरतंय, आबा.”

आबांनी त्यातलं ‘फिरतंय’ तेवढंच ऐकलं.

पण दीपमालाच्या मनात किडा वळवळत होता. फिरतंय ते ठीक, पण वेग वाढतोय तो कुठून? तिनं चाक अगदी हळू करून पाहिलं. एक गोळा कप्प्याच्या भिंतीत क्षणभर रुतायचा आणि कुणी भिरकावल्यासारखा बाहेर उडायचा. मग तिच्या ध्यानात आलं. कॉम्प्युटर सलग बघतच नाही, उड्या मारत हिशेब करतो. दोन उड्यांच्या मधे गोळा भिंतीत शिरतो, आणि त्याला बाहेर काढताना प्रोग्राम नसलेला जोर लावतो. तिनं उड्या बारीक केल्या. चाक मंदावलं, झोपाळ्यासारखं थोडं मागेपुढे झालं आणि उभं राहिलं.

तिला वाईट वाटलं, पण काटा सापडल्यासारखं बरंही वाटलं. ग्रुपात तिनं सगळं लिहून टाकलं. आबा मात्र ग्रुपातलं काही उघडून बघत नसत. तिनं फोन केला, तर तेच आधी म्हणाले, “चाक बनवून झालं बघा वेल्डरकडनं. रविवारी या, नारळ फोडू.” “येते,” ती म्हणाली. हे फोनवर नको, समोरच सांगावं, असं ठरवून तिनं रविवारी लॅपटॉप पिशवीत घातला आणि ती सयाजीच्या मागे गाडीवर बसली. ट्रेलरांच्या रांगांतून वाट काढत दोघं वाडीत पोचली.

बंद गिरणीच्या दारात चाक उभं होतं. हिरवा रंग, वर झेंडूची माळ. भोवती चार शेजारी.

“आबा, आधी माझं ऐका,” ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. उड्या, भिंत, गोळा. शेजारी एकमेकांकडे बघू लागले.

आबांनी चाकावरची माळ सारखी केली. “म्हंजी न्हाई फिरायचं?”

“थोडं फिरेल. मग थांबेल.”

“मग थोडं तर थोडं. रंगाचा हात दिलाय त्याला.” त्यांनी चाकाला धक्का दिला. गोळे खडखडत घरंगळले. चाक फिरलं, सांगितल्याबरहुकूम डुललं आणि थांबलं. आबांनी खाली बसून निरखून पाहिलं. “ह्यो खालचा गोळा वैरी. ह्योच वर यायला आळस करतोय.”

“तिथेच अडतं, आबा. प्रत्येक चाकाचं तिथेच अडतं,” दीपमालाही शेजारी उकिडवी बसली. दोघांनी बोटं घालून एकेक कप्पा चाचपला. सयाजीनं नारळ फोडला, आबांच्या सुनेनं पिठलं-भाकरी वाढली.

जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, “ताई, ते खोटं फिरणारं दावा की एकदा.”

तिनं लॅपटॉप उघडून उड्या पुन्हा मोठ्या केल्या. आबांचं चाक पडद्यावर गरगरू लागलं. आपलं चित्र असं जिवंत झालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पोत्यावर मांडी घालून ते बघत बसले, मधेच मान डोलवत.

“माज्या फोनवर घाला ह्ये. जावयाला पाठवतो.”

“पण खोटं आहे, हे सांगा हं त्यांना.”

“सांगतो की,” आबा म्हणाले. “आदी त्याला बघू तर द्या.”